रेलिंगजवळचा आवाज

मिलर्स फोर्ड, पेनसिल्व्हेनिया
२८ सप्टेंबर १९७४

चि. वॉलीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोबत कालच्या सामन्याची टेप आहे. मी मैदानावर होते तेव्हा फ्रँकने घरी रेडिओपुढे यंत्र ठेवून भरली. मध्ये तो दोनदा शिंकलाय, ते समालोचन समजू नकोस. आपला नियम तोच: आधी टेप ऐकायची, मग पत्राचं पाकीट फोडायचं. निकाल आधी कळला तर तू ओरडत नाहीस, आणि ओरडल्याशिवाय तुला फुटबॉल पचत नाही.

जिंकलो, पण गाव नाराज आहे. लायल प्रुइटच्या हाती चेंडू आला की लांबवर कुणी मोकळं आहे का हे तो बघतच नाही. जवळच्याला देऊन टाकतो, नाहीतर रेषेबाहेर भिरकावतो. चर्चच्या तळघरात पिरोगीत बटाट्याचं सारण भरताना बायका विचारत होत्या, पोराच्या हातात चेंडू असतो की निखारा? सगळ्यांना चेंडू फेकायला त्याच्या जागी राखीव क्वार्टरबॅक हवाय, म्हणजे आपला कर्ट. आजी म्हणून माझं कौतुक चाललं होतं. मी म्हटलं, लायलच बरा. सगळ्यांचे हात थांबले. त्यांना नेड आठवत नाही, मला आठवतो.

खोकल्याचं औषध घेतोस ना? फ्रँकचा नमस्कार, माझी माया.

तुझी ताई,
थेल्मा

---

ॲरिझोना
७ ऑक्टोबर १९७४

ती. थेल्माताईस सा. न. वि. वि.

टेप ऐकली, यथेच्छ ओरडलो. शेजारणीचा कुत्रा तेव्हापासून मला ओळख दाखवत नाही. इथल्या कोरड्या हवेने फुप्फुसं सुधारतील असं गिरणीचा डॉक्टर म्हणाला होता. त्याने इथे येऊन माझा खोकला ऐकावा.

नातवाला बाकावर बसवून ठेवणारी आजी मी पहिल्यांदाच बघतोय! आपलं गाढव, तुझा कर्ट, थांबतं, बघतं आणि पन्नास यार्ड फेकतं. त्याला म्हणतात क्वार्टरबॅक. तुझा लायल भित्रा आहे, दुसरं काही नाही. आणि नेडचं म्हणशील, तर लांब फेकायला तो थांबला, डावीकडून पाठीमागून समोरच्या संघातला तो दांडगा आदळला आणि आपला भाऊ उठलाच नाही, हे मीही पाहिलंय. दहा वर्षांचा होतो, पण होतो. म्हणून चाळीस वर्षांनी अख्ख्या गावाने जीव मुठीत धरून खेळायचं का? विचार एकदा त्या लायलला, कशाला एवढा घाबरतोस म्हणून.

माझ्या गाढवाला पाठीत एक धपाटा. राग धरू नकोस, धरलास तरी टेप पाठव.

तुझा,
वॉली

---

मिलर्स फोर्ड
१९ ऑक्टोबर १९७४

चि. वॉली, आशीर्वाद.

आज टेप नाही. काल पावसात सामना झालाच नाही. पण तू सांगितलंस ते मी केलं, आणि केलं नसतं तर बरं झालं असतं.

लायल अंगणातली पानं झाडायला आला होता. ॲपल पाय खायला बसवलं आणि सहज विचारलं. काटा खाली ठेवून तो म्हणाला की मी घाबरत नाही, मला कुणीतरी सांगतं. डावीकडे, मागच्या बाजूला, रेलिंगपाशी. एक लहान मुलगा ओरडतो, सोड म्हणून. नीट बोलताही येत नाही त्याला, सो-सो करत अडखळतो. लायलने चेंडू सोडला की दुसऱ्याच क्षणी त्याच बाजूने कुणीतरी अंगावर येतं. पहिल्या वर्षी त्याने वळून वळून पाहिलं. रेलिंगपाशी कुणी नसतं.

मग त्याने मला विचारलं, नेडू कोण? तो पोरगा कधीकधी म्हणतो, सोड रे नेडू.

वॉली, नेडला नेडू फक्त तू म्हणायचास. आणि तू लहानपणी अडखळायचास, हे माहीत असलेलं या गावात माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. मी बशी उचलायच्या निमित्ताने आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाही.

लगेच लिही.

थेल्मा

---

ॲरिझोना
२६ ऑक्टोबर १९७४

ताई,

त्या दिवशी मी रेलिंगवर चढून उभा होतो. तो दांडगा मला दिसला होता, नेडला दिसला नव्हता. जीव तोडून ओरडलो. बँड वाजत होता, माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचला नाही. त्यानंतर मी पुन्हा कधी अडखळलो नाही, तुला आठवतं? आई म्हणायची, देवाने एक नेलं आणि एक दिलं. माझ्यातून काय गेलं ते आज कळतंय. ते तिथेच राहिलं, आणि अजून ओरडतंय.

मला भीती वाटते. गेल्या पत्रातलं सगळं मागे घेतो. कर्टला खेळू देऊ नकोस. तो नेडसारखाच थांबतो, आणि त्याला तो आवाज ऐकू येतो की नाही कोण जाणे. त्याला विचार. कोचच्या पाया पड. मला हसलीस तरी चालेल.

वॉली

---

मिलर्स फोर्ड
९ नोव्हेंबर १९७४

चि. वॉलीस आशीर्वाद.

टेप ऐकून झाली असेल तरच हे वाचतो आहेस, असं धरते.

कर्टला विचारलं होतं. काहीच ऐकू येत नाही म्हणाला, वर हसला. कोचकडेही गेले. पण लायल सरावात घोटा मुरगळून बसला आणि काल कर्टच उतरला. मी पूर्ण वेळ रुमाल तोंडात धरून होते. शेवटच्या फेकीला तो थांबला. डावीकडून येणारा मला दिसला आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा चेंडू केव्हाच हातातून सुटला होता. कर्टने अंग सैल टाकून धक्का आडवा घेतला होता, म्हणून बरगड्यांवर निभावलं. पोरगं सुखरूप आहे. हरलो, पण हरू दे.

रात्री मी जवळ बसले तेव्हा हळूच म्हणाला, आजी, मलाही ऐकू आलं. पण लहान मुलगा नव्हता. कुणीतरी म्हातारा होता, डावीकडे मागून. सोड गाढवा, सोड, असं ओरडला आणि खोकत सुटला.

कर्टला गाढव म्हणणारा आपल्यात एकच आहे. तू काल कुठे होतास, वॉली?

तुझी,
थेल्मा

---

ॲरिझोना
१४ नोव्हेंबर १९७४

ती. ताईस सा. न. वि. वि.

शुक्रवारी मी इथेच होतो, माझ्या या पत्र्याच्या घरात. शेजारणीबरोबर बटाटे सोलत होतो. ओरडलो नाही, खोकलोही नाही. तिला विचारून खात्री केली.

तुझी टेप आज आली. लावली. समालोचक म्हणाला, कर्ट मागे सरकला, थांबलाय, अजून थांबलाय. सामना होऊन गेलाय हे मी विसरलो. कॉफी लवंडली, उठून उभा राहिलो आणि ओरडलो, सोड गाढवा, सोड. मग असा खोकला आला की टेप पुढे चालत राहिली तरी काही ऐकू आलं नाही. पाकीट नंतर फोडलं.

ताई, ते मी आधीच फोडणार होतो. काळजीने जीव थाऱ्यावर नव्हता. सुरी कागदात घातलीही होती, पाकीट सोबत पाठवतोय, चीर दिसेल. पोरगं सुखरूप आहे हे वाचलं असतं, तर मी कशाला ओरडलो असतो?

पुढच्या टेपाही पाठव. निकाल कळवू नकोस.

तुझा धाकटा,
वॉली