दगडातल्या गाई

कार्तिक वद्य पंचमी, सांजवेळ

कपिला व्याली, म्हणून रीतीप्रमाणं चीक घेऊन नदीवाटेच्या वीरगळाकडं गेले. गावच्या गाई सोडवताना पडलेल्या गड्याचा तो दगड; खाली त्या गाई कोरल्यात. बघते तर नव्या सडकेचा मुकादम घण घेऊन उभा!

"आजी, सरका. दगड मधी येतोय, फोडायचाय."

"फोड की राव. पण आधी त्याला चीक पिऊ दे."

एवढी धीट मी कशी झाले, कोण जाणे. चीक ओतला. धूळ गेली, गाई उजळल्या. मुकादम वाकून बघतच राहिला. म्हणाला, "आमच्या गावीबी हाय असला." अन् चुन्याची रेघ दगडाच्या बाजूनं वळवली की हो! वर खरवस मागतो, मेला. धाडला वाटीभर.

सडक तिथं वाकडी जाणार. कालवडीचं नाव मी वाकडीच ठेवलं.