डाव्या बाजूचे मासे

हाउकवोगेन,
१४ सप्टेंबर

प्रिय टुर्मोड,

तुला आणि ओसलाउग वहिनीला सप्रेम नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे. सफरचंदे यंदा उशिरा पिकत आहेत आणि वारा नैर्ऋत्येचा आहे, म्हणजे तुझी नाव दोन दिवस धक्क्यालाच असणार. तेव्हा हे पत्र सावकाश वाच.

रविवारी ओसलाउगने फोनवर विचारले होते, "हॅलिबटचं डोकं उकडताना दर वेळी मला कोडं पडतं. याचे दोन्ही डोळे एकाच अंगाला कसे? देवानं घाईत चिकटवले का?" त्यावर तू मागून ओरडलास, "टाकीतल्या माशांच्या मास्तरणीला विचारू नकोस! तिचं उत्तर संपेपर्यंत बटाट्यांचा लगदा होईल!" मी तेव्हा ते हसण्यावारी नेले. उत्तर आता देते. बटाटे उतरवून ठेवा.

अंड्यातून निघालेले या चपट्या हॅलिबटचे पिल्लू इतर माशांसारखेच असते: एक डोळा या गालावर, दुसरा त्या गालावर. आम्ही इथे मत्स्यबीज केंद्रात त्याला पहिले काही आठवडे थंडगार खाऱ्या पाण्यात आणि गडद काळोखात ठेवतो, कारण समुद्रातही ते तसेच खोलवर वाढते. पुढे उजेड आणि खाणे मिळू लागले, की एक नवल घडते. कवटी हळूहळू पिळवटते आणि डावा डोळा कपाळ ओलांडून उजव्या बाजूला येतो. मासा आडवा होतो आणि डावी, पांढरी बाजू तळाला टेकवतो. वाळूवर पडून आयुष्यभर वर पाहणाऱ्याला खालच्या डोळ्याचा उपयोग तरी काय? शिवाय दोन डोळे मिळून पाहू लागले, की भक्ष्य किती अंतरावर आहे ते नेमके कळते.

आमच्या टाक्यांत मात्र काहींचा डोळा वाटेतच अडकतो. यात खाण्याचा मोठा हात आहे. समुद्राच्या पाण्यातून गाळलेले बारीक जीव दिले, तर बहुतेकांचे डोळे नीट सरकतात. बाजारात डब्यातून मिळणारी इवल्या खाऱ्या कोळंबीची अंडी उबवून काढलेले जीव दिले, तर अडकलेली पिल्ले वाढतात. म्हणून उन्हाळा सरता सरता आम्ही निवड करतो. रुंद, उथळ ताटात पिल्ले पसरायची आणि अडकलेल्या डोळ्यांची वेगळी काढायची. इतकी वर्षे हे काम माझे आणि सिन्नोवेचे आहे.

यंदा मी निवडलेल्या टाक्यांत अडकलेल्या डोळ्यांची पिल्ले सापडू लागली. सिन्नोवेने माझे एक ताट पुन्हा तपासले.

"गुद्वेइग, तुला हल्ली डावीकडचे सगळेच देखणे दिसतात गं! या वयात प्रेमात पडलीस की काय?"

"दिवा मंद आहे," मी म्हणाले.

दिवा बदलला, फरक पडला नाही. मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. एका ताटातली अडकलेली पिल्ले मी बाहेर न काढता नुसती दाखवली, मग आम्ही ते ताट उलट फिरवून ठेवले आणि मी पुन्हा पाहिले. आता आधी निसटलेली पिल्ले मला स्वच्छ दिसली, आणि आधी दाखवलेली निसटली. या वेळीही निसटली ती माझ्या डाव्या हाताचीच. म्हणजे दोष माशांत नव्हता, ताटातही नव्हता. मी उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि सिन्नोवेच्या नाकाकडे पाहिले. तिच्या डोक्यावरची लाल टोपी नाहीशी झाली.

काळे काही दिसत नाही, टुर्मोड. दुखतही नाही. एक डोळा दुसऱ्याची उणीव इतक्या बेमालूमपणे भरून काढतो, की आपल्याला पत्ताच लागत नाही.

काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची गेलेली दृष्टी परत येणार नाही. उजव्याला औषधाचे थेंब चालू आहेत, आणि त्याचे दुखणे वेळेत सापडले असे डॉक्टरीणबाई म्हणतात. रविवारी हे सांगायचे होते, जमले नाही.

त्यांनी पुढे विचारले, "वडिलांना होता का? हा आजार घराण्यात उतरतो."

"नाही," मी म्हणाले. बाबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी गेलेच नव्हते.

दवाखान्यातून परतताना बोट धक्क्याला लागत होती, तेव्हा मला बाबांच्या नावेची डावी बाजू आठवली. शेवटच्या दोन वर्षांत धक्क्याला घासून घासून तिच्यावर रंग टिकत नसे. धक्क्यावरची माणसे ओरडायची, "बाजूला व्हा रे, बाटली येतेय!" आणि आमच्या घरातली दारूची बाटली तर नाताळपासून नाताळपर्यंत पुरायची. शेवटी तू त्यांच्या हातातून सुकाणू काढून घेतलेस. मी तुला त्याबद्दल टोचत नाही. आपल्या गावात कोणालाही तेच सुचले असते.

पण रविवारी ओसलाउग आणखी एक गोष्ट हसत हसत बोलून गेली. "नव्या नावेला डावीकडे दुसऱ्यांदा ओरखडा पाडलाय बघ यानं!" आणि तू म्हणालास, "धक्क्याला बांधलेला टायर कुणीतरी सरकवलाय." तेव्हाच मी फोन ठेवला.

टायर कोणी सरकवलेला नाही.

उजेड आहे तोवर अंगणात उभा राहा. समोरच्या दीपगृहावर नजर खिळव आणि उजवा डोळा तळहाताने झाक. ओसलाउगने तुझ्या डाव्या खांद्यामागून हात हळूहळू पुढे आणावा. बोटे दिसताक्षणी "दिसली" म्हण. नजर हलवायची नाही. लबाडी केलीस तर ती मला सांगेल. मग डावा डोळा झाकून उजवीकडून हेच करा. दोन्हीकडे बोटे सारख्याच जागी दिसली, तरी डॉक्टरांकडे जाच, कारण सुरुवातीला हे घरी पकडता येत नाही. डावीकडे बोटे दिसायला उशीर झाला, तर वारा पडला तरी नाव सोडू नकोस. मला फोन कर, मी पहिल्या बोटीने येते.

शिव्या नंतर दे. आता पत्र खाली ठेव आणि तिला बाहेर बोलाव.

तुझी बहीण,
गुद्वेइग