सालईच्या गाण्यातली झील

आप्पा,

आज मंगळवार, ४ मार्च. सकाळी साडेसहाला नळ आला, पाणी भरलं. दहाला व्हिडिओवाला येऊन त्याचा जुना व्हीसीआर टीव्हीला जोडून देऊन गेला. दुपारी कॅसेट पाहिली. पाच वाजता त्याला फोन केला. फोन झाल्यावर कणीक मळून झाकून ठेवली आणि हे लिहायला बसले. मला लिहायची सवय नाही. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं दाखले आणि अर्ज लिहिले, तेवढंच.

व्हिडिओवाला म्हणजे तोच, लग्नांचं शूटिंग करणारा. तुम्ही डोंगरात गायला निघालात की तो कॅमेरा घेऊन मागे यायचा. तेव्हा तो काळ्या केसांचा होता, आता त्याला नातवंडं आहेत. त्याच्या कपाटात तुमच्या गाण्यांच्या पंधरा-वीस कॅसेट पडून होत्या. दिवाळीपासून तो त्यांचा संच काढतोय. डीव्हीडी, आणि ज्यांच्याकडे ते मशीन राहिलं नाही त्यांच्यासाठी पेनड्राइव्ह. दोन भाग निघाले, तिसरा होळीच्या आधी काढायचा आहे. लोक घेतात, आप्पा. बहादरपूरच्या केळीवाल्यांनी घेतले, मिलच्या कॉलनीत जे जुने लोक उरलेत त्यांनी घेतले. मला रस्त्यात थांबवून सांगतात, ‘तुमचे वडील पाहिले काल टीव्हीवर.’ मी बरं म्हणते आणि पुढे जाते.

कव्हरवर तुमच्या डोक्याला भगवा फेटा आहे. तुम्ही आयुष्यात फेटा बांधला नाही, मिलची टोपी तेवढी घालायचात. मागे बर्फाचे डोंगर आहेत. आत उघडलं की आंब्याच्या गाण्यावर समुद्र येतो आणि नारळाची झाडं हलतात. तुम्ही समुद्र पाहिलेलाच नव्हता. पळसाच्या गाण्यावर लाल ट्यूलिपची शेतं. खाली बासरी वाजत राहते, ती तुमची नाही, ढोलकीवाल्या काकांची नाही, कुणाचीच नाही. मी त्याला विचारलं, हे काय आहे? तर म्हणाला, ‘दीदी, ओरिजिनलमध्ये मुंग्या येत होत्या स्क्रीनवर. मग तिथे सीनरी टाकली. लोकांना आवडते.’

‘अहो, ते झाडासमोर उभे राहून गायचे. तेच झाड काढून टाकलंत?’

‘झाड तर झाडच आहे ना, दीदी.’

ज्या माणसानं पळस फुलल्याशिवाय पळसाचं गाणं म्हटलं नाही, लोकांनी कितीही म्हटलं तरी ‘ज्याचं गाणं त्याच्यासमोर’ एवढंच सांगून हात जोडले, त्याचं हे केलंय. आणि दादा तिकडे इंदूरहून फोनवर म्हणतो, ‘तू उगाच खुसपटं काढते. पप्पांचं नाव होतंय, होऊ दे.’ त्याने संचाच्या परवानगीवर केव्हाच सही करून दिली. तुम्हाला आप्पा म्हणणं सोडून पप्पा कधीपासून म्हणायला लागला, तेही विचारायचं राहिलं.

राग तुमचाही येतो. ज्यानं मागितलं त्याला गाणं दिलंत, ज्यानं म्हटलं त्याच्यापुढे उभे राहिलात. एक वही ठेवली नाही, एक शब्द लिहून ठेवला नाही. घरात तर एक ओळ नाही. जळगावचे मामा आले होते तो रविवार आठवतो. आई पोळ्या लाटतेय, मामा दारात पाट घेऊन बसलेत आणि म्हणतात, ‘भाऊजी, होऊन जाऊ द्या एक.’ तुम्ही म्हणालात, ‘इथं कुठलं झाड आहे? पाट्या-वरवंट्याला गाऊ?’ आईनं मान वर न करता म्हटलं, ‘पोळपाट लाकडाचाच आहे. त्याला गा. तेवढंच घरातल्यांच्या कानावर पडेल.’ मामा हसले. तुम्ही हसला नाहीत. तिच्यासमोर उकिडवे बसलात, पोळपाटावरून हात फिरवलात, पीठ झटकलंत, ‘आंब्याचा आहे’ म्हणालात, आणि आंब्याचं अख्खं गाणं म्हटलंत. तव्यावरची पोळी जळाली. आईनं तुम्हाला तीच वाढली.

मी तुमच्या मागे झील धरायला लागले ती त्या सुमारास. तुमची ओळ संपली की शेवटचे शब्द उचलायचे आणि तुम्ही श्वास घेईपर्यंत लांबवायचे. एवढंच काम, पण ते काम माझं होतं. मिलमध्ये तुम्ही चिपरवर. डोंगरातून सालईची लाकडं यायची, तुम्ही दिवसभर ती मशीनमध्ये ढकलायचात, त्यांचा भुगा व्हायचा, त्याचा कागद. ढोलकीवाले काका तुमच्याच पाळीचे. ते चिडवायचे, ‘वा रे बुवा! सकाळी जिला कापली तिलाच संध्याकाळी आळवता!’ तुम्ही म्हणायचात, ‘म्हणून तर जाऊन सांगावं लागतं.’ काय सांगायचं असायचं ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही नीट कळत नाही.

आता त्या दिवसाकडे येते. तिसऱ्या भागात सालईचं गाणं आहे, आणि भांडण त्याचंच आहे. देडतलाईच्या पुढे जीप थांबवून आपण टेकडी चढलो होतो. हेच दिवस होते, झाडावर पान नाही, नुसती फुलं, आणि खोडाची साल कागदासारखी सुटून लोंबतेय. मी एकोणीस वर्षांची. आईची जांभळी साडी नेसले होते. व्हिडिओवाल्यानं पहिल्यांदाच म्हटलं होतं, ‘आज मागेवाल्यांनाही घेतो फ्रेममध्ये.’ गाण्याचं दुसरं कडवं झालं, मी झील उचलली, आणि तुम्ही मागे न बघता हात वर केलात. ‘थांब.’ एवढंच. मागून कुणीतरी हसलं. मी थांबले ती थांबलेच. परत कधी तुमच्या मागे बसले नाही. पुढच्या वर्षी लग्न झालं. सासरी कुणी गाण्याचं विचारलं की सांगायचे, आप्पांनी चारचौघांत गप्प केलं मला. मुलीलाही तेच सांगितलं. दादालाही तेच माहीत आहे. ऐकून ऐकून ती गोष्ट गुळगुळीत झाली होती.

गेल्या आठवड्यात व्हिडिओवाला म्हणाला, ‘दीदी, ते सालईचं गाणं चांगलं आहे, पण मध्ये तीन मिनिटं कोणी बोलतच नाही. आणि पुढे झीलच नाही. मी ते मधलं कापून जोडून देतो. झीलसाठी खंडव्याची एक सिंगर आहे, गोड आवाज आहे, टाकून देऊ. तुमच्या फोटोवर चालेल. कुणाला कळणार नाही.’ माझ्या तोंडावर दुसऱ्या बाईचा आवाज! मी म्हटलं, आधी मला मूळ कॅसेट दाखवा. ‘मंगळवारी संध्याकाळपर्यंत सांगा, मला फायनल करायचं आहे,’ असं म्हणून तो गेला. म्हणून आज तो व्हीसीआर.

मुंग्या खरंच आहेत. पण त्यांच्या आडून सगळं दिसतं. तुम्ही हात वर करता, थांब म्हणता, आणि वर बघता. कॅमेरा तुमच्या नजरेमागे वर जातो. खोडावर सुतारपक्षी येऊन बसलाय. टकटक, टकटक. सालीचा एक मोठा पापुद्रा सुटतो आणि खाली ढोलकीवाल्या काकांच्या डोक्यावर पडतो. त्यावरून हसू येतं लोकांना. काका पापुद्रा टोपीसारखा धरून बसतात. कुणी बोलत नाही. तीन मिनिटं तो पक्षी आपलं काम करतो, आणि तुम्ही हात वर धरून उभे आहात, मिलमध्ये मशीन थांबवायला धरतात तसा. कोपऱ्यात जांभळी साडी दिसते, मान खाली.

मग पक्षी उडतो. तुम्ही हात खाली घेता, ते कडवं परत म्हणता, आणि झिलेच्या जागी थांबता. मागे वळून माझ्याकडे बघता. मी वर बघत नाही. तुम्ही ती ओळ पुन्हा म्हणता. पुन्हा थांबता. पुन्हा वळता. दुसऱ्यांदा वळता तेव्हा तोंडावर काय आहे ते मुंग्यांमुळे कळत नाही, आणि मी तो तुकडा चार वेळा मागे घेऊन पाहिला. मग तुम्ही झील स्वतःच म्हणता. पुढचं सगळं गाणं दोघांचं एकटे म्हणता, श्वास पुरत नाही तरी.

पाचला फोन केला. सांगितलं, यातलं काही कापायचं नाही, काही घालायचं नाही. समुद्र नको, बासरी नको, खंडव्याची बाई नको.

‘दीदी, पब्लिक बोअर होते.’

‘होऊ द्या. पक्षी बघतील.’

‘आणि मागे बसलेली मुलगी गात का नाही, असं विचारलं तर? सगळे ओळखतात तुम्हाला. मी काय सांगू?’

‘मला विचारा म्हणावं.’

तो म्हणाला, ‘बरं. पण फेटा राहू द्या हं, कव्हर छापून झालं.’ मी फोन ठेवला. फेटा राहिला, आप्पा. तेवढं माझ्याच्यानं झालं नाही.

आता विचारतील. मुलगी विचारेल, दादा विचारेल. तो तर म्हणेल, तू आम्हाला काही वेगळंच सांगत होतीस. त्यांना सांगायच्या आधी इथं लिहून बघते, जमतं का. व्हीसीआर नसता आला तरी मला माहीत होतं. टकटक मी ऐकली होती. तुम्ही पाखरासाठी थांबता हे मला लहानपणापासून ठाऊक, थांब म्हटलं की का ते कळायचं. तुम्ही परत ती ओळ म्हणालात तेही ऐकलं होतं, दोन्ही वेळा. तुम्ही वळून बघितलंत तेवढं फक्त आज कळलं. पण कॅमेरा पहिल्यांदा माझ्याकडे आला होता, मी आईची साडी नेसले होते, आणि तुम्ही एका सुतारपक्ष्यासाठी मला थांबवलं. मी मुद्दाम गप्प बसले. जीपमध्ये तुम्ही सालईच्या डिंकाचा खडा माझ्या हातावर ठेवलात, तोही मी ड्रायव्हरला देऊन टाकला. तुम्ही काही विचारलं नाहीत. एकदा विचारायचं होतंत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. व्हिडिओवाला उद्या सकाळी व्हीसीआर परत न्यायला येईल, त्याआधी कॅसेट मागे गुंडाळून ठेवली. कणकेवरचं फडकं सुकायला आलं होतं. उठले, पोळपाट काढला, पुसला, आणि दोन पोळ्या लाटल्या.