काचेवरची वाफ

चिमे,

आईचा ऑक्सिजनचा सिलिंडर बदलून आणायला चाललोय. ती झोपली आहे. पलंग खिडकीशी सरकवलाय, म्हणजे तिला तिचं काचघर समोर दिसतं.

तुला एकच काम. काचघरातला हीटर बंद पडू देऊ नकोस आणि त्यावरच्या पातेल्यात पाणी घालत राहा. दाराच्या फटीत माझा ऑफिसचा कोट कोंबलाय. नोकरीत असताना त्याने एवढं काम कधी केलं नव्हतं.

तिने लावलेली टोमॅटोची रोपं सोमवारच्या थंडीत गेली, सगळी. छपराची झडप लावायला मी विसरलो. तिला सांगितलेलं नाही. काचेवर वाफ धरलेली असली की आतलं काही दिसत नाही. तिने तुला रोपांचं विचारलंच तर फुलं आलीत एवढ्यावर थांबू नकोस. काल तिला सांगता सांगता मी हिरव्या टोमॅटोंपर्यंत पोचलोय.

ते ऐकून तिने खिडकीकडे मान वळवली. मग म्हणाली, "अहो, ती काच मात्र पुसू नका हं. राहू दे तशीच."

का, ते मी विचारलं नाही. दोघंही वाफेकडे बघत बसलो.

पातेलं रिकामं होऊ देऊ नकोस.

बाबा