पावसाळ्यासाठी सूतभर जागा

मसाट, सिल्वासा
घटस्थापनेच्या आदल्या दिवशी

तीर्थस्वरूप झुंबरमामांच्या पायांवर भाचा समाधान याचं डोकं (इथून पोहोचत नाही, पण ठेवलं आहे असं समजावं).

मी इथे खुशाल आहे. तुमची खुशाली मामीकडून कळते, कारण फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही "देतो हिला" म्हणता आणि खरोखर देता. तीन वर्षांत तुम्ही माझ्याशी एवढे दोनच शब्द बोललात. म्हणून हे पत्र. पत्र मामीच्या हातात देऊन सुटका होणार नाही, कारण तिला वाचता येत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? आंबेहळद लावता की नुसतीच डबीत ठेवता? बैलगाडीच्या चाकांचं काम आता कुणी आणत नाही असं मामी म्हणाली. ते ऐकून जेवण गेलं नाही (मग रात्री गेलं, पण चव लागली नाही).

तुमच्या रागाची दोन्ही कारणं मला माहीत आहेत. पहिलं, मी आलो ते. निघताना तुम्ही ओसरीवरून म्हणालात, "लाकूड सोडीसन कागद कापाले चालना का रे?" दुसरं, माझ्या पिशवीतून तुमचा रंधा आला ते. चोरला म्हणा, नेला म्हणा. आई गेल्यावर तुम्ही मला घरी आणलंत तेव्हा पहिल्यांदा हातात दिलात तो हाच रंधा. मग परमुलखात जाताना घरातलं काही हाताशी असावं असं वाटलं, तर माणसाने काय उचलावं? मामीला उचलता येत नव्हतं.

आधी कागदाचं सांगतो, कारण भाचा रद्दीच्या धंद्यात पडलाय असं तुम्ही पारावर सांगता हे माझ्या कानावर आलं आहे. मामा, ही रद्दी नव्हे. कागदाचे ताव राळेत भिजवून एकावर एक रचतात आणि गरम यंत्रात असे दाबतात की त्याची फळी होते. इथे तिला हायलम म्हणतात. रंगाने जुन्या शिसवासारखी, वजनाला त्याहून जड. विजेच्या पेट्यांमध्ये बसवतात, कारण तिच्यातून वीज जात नाही. खिळाही जात नाही. पहिल्याच दिवशी मी हौसेने एक ठोकून पाहिला, तर तो वाकला, हातोडी उलटी उडाली आणि शेजारच्या कल्पेशच्या चहात पडली. नंतर मी फळी उजेडात धरून तिची नस शोधत बसलो, तुम्ही शिकवल्याप्रमाणे, म्हणजे करवत कुठून घालायची ते कळेल. कल्पेश ओली बाही पिळत म्हणाला, "समाधानभाई, शुं शोधो छो? एमां नस नथी, कागज है कागज." तीन वर्षं झाली, अजून माझा हात फळीवरून फिरतो तो नस शोधतच फिरतो.

आता खरी फजिती ऐका. यंदा जूनमध्ये चाळीस फळ्या कापायचं काम आलं. त्या लोखंडी चौकटीत बसवायच्या होत्या, मापं कागदावर लिहून दिलेली. बाहेर धो धो कोसळत होतं, भिंतींना ओल आलेली, आणि मला तुमचा आवाज ऐकू आला, की पावसाळ्यात लाकूड अंग फुगवतं, त्याला सूतभर जागा ठेव, नाहीतर दार लागणार नाही. मी ठेवली. चाळीसच्या चाळीस फळ्यांना लांबीत एक सूत, रुंदीत एक सूत. कुणाला विचारलं नाही, उलट मनात म्हटलं, ह्या शिकलेल्या लोकांना हे सुचलंच नाही बघा! दुसऱ्या दिवशी फळ्या चौकटीत बसवल्या तर सगळ्या खुळखुळ्यासारख्या वाजायला लागल्या. कौस्तुभसाहेब (पुण्याचे इंजिनीयर, वयाने माझ्याएवढेच, पण ओरडताना पन्नाशीचे वाटतात) विचारायला लागले, की माप चुकलं कसं? मी सांगितलं, चुकलं नाही साहेब, पावसाळ्यासाठी जागा ठेवली. त्यांनी ओरडायला उघडलेलं तोंड मिटलं. मग हळूच म्हणाले, "अरे बाबा, हिला पावसाळा नसतो."

मामा, चाळीस फळ्या बाद झाल्या त्याचं मला एवढं वाटलं नाही, पण ते वाक्य मला लागलं. जिला पाऊस कळत नाही, उन्हाळा कळत नाही, जी आषाढात आणि चैत्रात तेवढीच राहते, तिच्याशी माणसाने दिवसभर काय बोलायचं? आपल्या घरचा खांबसुद्धा थंडीत कडकड वाजतो, आणि तुम्ही झोपेतून म्हणता, "बोलू दे त्याला." इथे कुणी बोलत नाही. कापताना वास येतो तो दवाखान्याचा. माझ्या डब्यातल्या ठेच्यालाही तोच, अंगाला तोच, तीनदा साबण लावला तरी तोच. म्हणून रविवारी मी खानवेलची बस धरतो. तिकडे साग आहे. मागच्या महिन्यात एका झाडाला नाक लावून उभा होतो, एक कोवळं पान हातात चोळलं (लाल होतात ना तळवे, लहानपणी व्हायचे तसे), आणि मागून वनरक्षक आला. डोळे मिटून झाडाला चिकटलेला माणूस, हात लाल. त्याने आधी रक्त समजून मला खाली बसवलं, मग पाणी दिलं, मग करवत कुठे लपवली ते विचारलं. मी म्हटलं, वास घेतोय. त्याने पिशवी तपासली, रिकामी निघाली, तरी बस येईपर्यंत तो माझ्याशेजारी उभा राहिला.

फळ्यांचं पुढे असं झालं, की दुधाने तोंड पोळलं म्हणून मी ताक फुंकायला गेलो. पुढच्या खेपेला दहा फळ्या जरा मोठ्याच कापल्या. कडा घासायचं यंत्र बंद पडलेलं, माल संध्याकाळी जायचा होता. मी म्हटलं, थांबा, मी सुताराचा भाचा आहे, आणि खोलीवर धावत जाऊन रंधा आणला. सगळे गोल करून उभे राहिले. पहिला हात मारला. मामा, सागावर रंधा फिरला की कुरळी ढलपी निघते आणि अंगणभर वास सुटतो. इथे असा आवाज निघाला की कल्पेशने दोन्ही हातांनी दात धरले, आणि ढलपीच्या जागी तपकिरी पूड पडली. तरी मी चार हात मारले, कारण सगळे बघत होते. रंध्याला मात्र काही झालेलं नाही, तो सुखरूप आहे.

मामी मागे फोनवर म्हणाली, की खंडेनवमीला तुम्ही हत्यारं मांडता तेव्हा रंध्याच्या जागी सुपारी ठेवता आणि तिलाही हळदकुंकू वाहता. तीन वर्षं सुपारी. हे ऐकल्यापासून झोपेची बोंब आहे. तेव्हा यंदा रंधा पाठवतो आहे. मला रजा नाही, काम फार आहे, माझ्यावाचून इथलं काही हलत नाही. माझ्यासोबत खोलीत राहणारा संजू गावी निघालाय, तो घरी आणून देईल. त्याला चहा द्यावा. माझी वाट बघू नये (तुम्ही बघत नाहीच, पण मामी म्हणते, "तुना मामा रोज तुन्ही वाट देखस, पन बोलस नही." बायका काहीही म्हणतात).

मामीला नमस्कार. शेळीला पाला.

आपला अपराधी भाचा,
समाधान

ता. क. रंधा सुखरूप आहे असं वर लिहिलं, ते लाकडापुरतं खरं आहे. पात्याला तांदळाच्या दाण्याएवढा दाता पडला आहे. कागदाने पाडला. हसू आलं तर हसा, पारावर सांगितलंत तरी चालेल.

ता. क. दुसरा. सिल्वाशात नवं पातं मिळतं, पण मला नवं नको. हेच तुम्ही दगडावर घासावं आणि मी बाजूला बसून पाणी घालावं, एवढंच मागणं आहे. हे मागण्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं. मध्येच वनरक्षक आला.

ता. क. तिसरा. अक्षर उड्या मारतंय, कारण मी घरी येणाऱ्या साक्रीच्या एस.टी.त आहे आणि आज अष्टमी आहे. संजू यंदा गावी येतच नाहीये, हे पत्र सुरू करतानाच मला ठाऊक होतं. रजा मागितल्यावर कौस्तुभसाहेब लगेच म्हणाले, "जा, आठ दिवस जा," माझ्यावाचून तिथलं सगळं हलतं. तुम्ही हे वाचताय तेव्हा, पत्र मामीच्या हातात देऊन मी ओसरीच्या कडेला, तुम्हाला दिसणार नाही असा उभा आहे. तुम्ही वाचता ते मोठ्याने, बोट ठेवून, त्यामुळे कुठवर आलात ते मला ऐकू येतंय. तुम्ही लगेच बोलावं असं माझं म्हणणं नाही. नुसतं खोकलात तरी मी आत येईन.