आडवे शब्द वैदेहीकाकूंचे

३ नोव्हेंबर, सोमवार

अंबरनाथला आले एकदाची. उल्हासनगरहून अंतर ते काय, रिक्षात डुलकी लागायच्या आत संपतं. पण ताईने निरोप असा दिला की जशी मी दुबईलाच निघाले. लोणच्याची बरणी, ही वही आणि ढीगभर सूचना. वहीत रोज दोन ओळी लिहीत जा शीला, मन मोकळं होतं, म्हणाली. दोन ओळींत भागणाऱ्यांतली मी नव्हे, हे तिला अजून कळलेलं नाही.

काम सोपं आहे. हेमचंद्र गुप्ते, ऑर्डनन्स फॅक्टरीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. अर्धांगाच्या झटक्याने वाचा आणि उजवा हात गेला, बाकी तब्येत ठणठणीत. मुलगा परदेशात, त्याने फोनवरच मला नेमलं. इस्पितळात आयाचं काम केलेल्या बाईला हे म्हणजे माहेरपणच. खोली स्वतंत्र आहे, खिडकीतून शिवमंदिराकडे जाणारी माणसं दिसतात. स्वयंपाकाला रखमाबाई बदलापूर गावातून येतात. त्यांच्या भाकरीला नाव ठेवायला जागा नाही आणि जिभेला हाड नाही. माझं त्यांच्याशी जमणार.

आकाशचा फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. माझा मुलगा, दोन वर्षांपूर्वी तापात गेला. पहिल्याच दिवशी रडव्या बाईची ओळख नको म्हणून आत, नाहीतर तो लपून राहणारा मुलगा नव्हता.

५ नोव्हेंबर, बुधवार

दुपारच्या चहानंतर काका वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेतात. डाव्या हाताने, निळ्या पेनाने, सावकाश. पण फक्त उभे शब्द. आडव्यांना हात लावत नाहीत. अर्धं कोडं रिकामं ठेवून पेपर घडी करतात.

रखमाबाईंनी सांगितलं, ही या घरची लग्नापासूनची रीत. उभे शब्द काकांचे, आडवे वैदेहीकाकूंचे, लाल शाईने. एकाने दुसऱ्याला मदत मागायची नाही. काकूंना जाऊन वर्ष झालं. समोर त्यांची खुर्ची आहे आणि टेबलावर ते लाल पेन तसंच. रिकाम्या खुर्चीसमोर चहा कसा लागतो ते मला कुणी शिकवायला नको.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी त्या खुर्चीत बसले आणि लाल पेनाने आडवे भरले. मला यायचं किती? पण काकांच्या अक्षरांचा आधार होता, सुचत गेलं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, हे मला आज कळलं, एवढी वर्षं मी वाघच समजत होते. कोडं पूर्ण झालेलं बघून काकांनी माझा हात धरला आणि रडले. मग मीही रडले. दोघांनाही बरं वाटलं.

रखमाबाई मात्र भडकल्या. म्हणाल्या, गेलेल्या माणसाचं पान मांडलं तर ते कावळ्यानं शिवायचं, आपण त्यावर जेवायला बसायचं नाय. मी हसून सांगितलं की आमच्यात श्राद्धपक्ष नाही, बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत ते कधीच मोडीत काढलं. त्यावर त्या म्हणाल्या, तुमच्यात नसल, तिच्यात होतं ना.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आता दुपारच्या कोड्याची वाटच बघते, रोज काहीतरी नवं कळतं. इथलं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं. कस्तुरी फक्त नर मृगाकडे असते. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, म्हणजे त्याचं दुःख केवढं असेल, असं मी काकांना म्हटलं तर ते पहिल्यांदा हसले.

आणि झोप लागते. आकाश गेल्यापासून अशी लागली नव्हती. थोडं चोरट्यासारखं वाटतं, पण ताई म्हणते, दुःख हलकं होणं म्हणजे विसरणं नव्हे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दोन गोष्टी झाल्या.

सकाळी मी वालाचं बिरडं केलं. मोड आलेले वाल भराभर सोलले, खोबऱ्याचं वाटण, कोकम, सगळं. काकांनी घास घेतला आणि डोळे मिटून बसून राहिले. रखमाबाई म्हणाल्या की हे हुबेहूब काकूंच्या हातचं. मी जन्मात वाल सोललेले नाहीत. आमच्या घरी कधी झालेच नाहीत.

संध्याकाळी ताईचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, आकाश जिना चढताना शीळ घालायचा, अजून ऐकू येते गं. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर कपाट उघडून फोटो बघितला. मला शीळ आठवत नाही. शीळ घालायचा हेच आठवत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आडव्या शब्दांचं अक्षर माझं नाही. काकूंची जुनी कोडी रद्दीत होती, शेजारी ठेवून पाहिलं. तेच 'श', तोच लफ्फा. आणि आता मला शब्द सुचत नाहीत, आठवतात. हरियाल पक्षी लिहिला तेव्हा तो कुठे पाहिला तेही आठवलं, सहलीत, काकांनी बोट दाखवलं होतं. मला नव्हे. तिला.

एक शब्द येतो आणि माझं काहीतरी जातं. जे जातं ते आकाशचंच असतं. माझ्याकडे दुसरं होतंच काय?

२४ नोव्हेंबर, सोमवार

उरलेलं आठवणीतून जाण्याआधी लिहून ठेवते. आकाशचा समोरचा दात थोडा तुटका होता, नळावर पडला होता. आई नाही, मम्मी म्हणायचा. सिंधी गाडीवरचं दाल-पकवान त्याला फार आवडायचं, पकवान आधी संपवून डाळ वाटीने प्यायचा. जिन्यात शीळ घालायचा, हे ताईचं. दर सहा डिसेंबरला दादरच्या रांगेत पाण्याची पिशवी तोच धरायचा आणि अनोळखी म्हाताऱ्यांना आधी पाजायचा. शेवटच्या तापात मला म्हणाला, मम्मी, तू जेवलीस का.

हे गेलं तर तो खरंच गेला. फोटोत त्याचा आवाज नाही, तो माझ्याकडेच आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कोडं बंद. लाल पेन कचऱ्यात टाकलं. काकांनी डाव्या हाताने कचरा उपसून ते काढलं, पुसलं, माझ्यापुढे धरलं. त्यांना माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत असावं.

मला राग यायला हवा होता. पण माझा आकाश असा परत येणार असता, तर मीही कुणाच्या तरी हातात पेन दिलं असतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काका कालपासून जेवले नाहीत. मी शिवलेही नाही पेपरला — तरी आडवे भरलेले. माझ्या बोटांना लाल शाई.

३० नोव्हेंबर, रविवार

आज पळाले. रखमाबाईंनीच पिशवी भरून दिली, मागं बघू नको म्हणाल्या. रिक्षावाला सिंधी, चंदर नावाचा, बापडा चांगला. उल्हासनगर लागल्यावर विचारलं, माताजी, कौनसा कॅम्प? मला आमच्या वस्तीचा नंबर आठवेना. लग्न होऊन जिथे आले, जिथे आकाश झाला — तो कॅम्प. ताईला फोन लावावा तर तिचं नाव काय लिहिलंय तेही — चंदर गोल गोल फिरला, मग म्हणाला, कहीं तो छोडूँ. मी पत्ता सांगितला. तोंडात एकच पत्ता होता.

काकांनी दार उघडलं. चहा दोन कप मांडलेला होता.

२ डिसेंबर, मंगळवार

मागची पानं वाचली. तुटका दात. दाल-पकवान. पाण्याची पिशवी. सगळं कळतं. शेकरूसारखं, शिलाहारांसारखं कळतं. माहिती आहे. पण दुखत नाही — दुखायला हवं — अरे, दुखायला हवं ना —

ताईचाच फोन आला, सहा तारखेला न्यायला येते म्हणाली. तोवर धरून ठेवायचं.

४ डिसेंबर, गुरुवार

कपाटातला मुलगा हसतो. दात तुटका आहे, म्हणजे आकाश. वहीत आहे.

रखमाबाई येईनाशा झाल्या. बिरडं मीच —

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी एक बाई आल्या, पांढऱ्या साडीत. दादरला चल म्हणत होत्या. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. ह्यांनी मान फिरवली.

मग त्या बाईंनी विचारलं, आकाश आठवतो का. सोपं होतं. मी एका दमात सांगितलं. शीलाचा मुलगा, जन्म उल्हासनगर, समोरचा दात तुटका, आवडता पदार्थ दाल-पकवान, जिन्यात शीळ घालायचा, तापाने मृत्यू. एकही चुकलं नाही. एवढं बरोबर आल्यावर माणूस निदान शाबास तरी म्हणतो. त्या मला मिठी मारून रडल्या. ओढत होत्या, मी गेले नाही. घरात हे एकटे.

त्या गेल्या, पण माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबत नाही. पानावर पडतंय. कुणाचं — ह्यांनी पेपर उघडलाय, वाट बघतायत. येते म्हटलं, जरा थांबा, हे रडू कुणासाठी आहे तेवढं आठवू दे, मग मी