एका मुलीचा वाटा

सोमवार, ३ मार्च

चिमणीला तयार करायचं काम माझ्याकडे आलंय. बाबा काल सभेहून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "तुझ्याइतका नीट वाटा कुणाला सांगता येत नाही, असं सगळे जाणते म्हणाले." बाबा स्वतः सभेचा कारभार बघणाऱ्या चार जाणत्यांपैकी एक. खूश होते. मीही झाले — खोटं कशाला लिहू.

चिमणी म्हणजे सभाघरात स्वयंपाक करणाऱ्या मावशींची मुलगी. नववीत आहे. थोरले म्हणजे आमच्या सभेचे, आमच्या पंथाचे गुरू. त्यांना आता वाचायला दिसत नाही, म्हणून ती त्यांना वाचून दाखवायला जायची. तिनं आईला सांगितलं की थोरले दार लावून घेतात आणि अंगाला हात लावतात. मावशींनी ते जाणत्यांच्या कानावर घातलं. जाणत्यांनी ठरवलं — येत्या रविवारी चिमणी सभेपुढं आपला वाटा सांगेल आणि विषय मिटेल. मिटलेला विषय आमच्यात पुन्हा कुणी काढत नाही.

मंगळवार

वाटा म्हणजे काय हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत आहे. घरात काही बिघडलं की ज्यानं त्यानं त्यातला आपला हिस्सा बोलून दाखवायचा. दूध उतू गेलं — आई म्हणायची, माझं लक्ष नव्हतं. बाबा म्हणायचे, मीच तिला हाक मारली. मी म्हणायचे, मीच दुधासाठी हट्ट धरला. भांडण पेटायचंच नाही. पुढं शाळेत गेल्यावर मैत्रिणींची घरं पाहिली. तिथं दूध उतू गेलं की एकाच्याच डोक्यावर खापर. मला अजूनही आमची पद्धत चांगली वाटते.

आणि ते पाठांतर. सभेतलं प्रत्येक मूल शिकतं. मला आईनं भाजी निवडता निवडता शिकवलं —

मी न विचारता आत गेले. मी दार लोटून घेतलं. मी हसून बोलले. मी ओरडले नाही. मी उशिरा सांगितलं. माझा वाटा मोठा, तुमची क्षमा त्याहून मोठी.

"एका मुलीचा वाटा" म्हणतात याला. बाकी कुठलंही पाठांतर चुकलं की आई पहिल्यापासून म्हणायला लावायची. हे चुकलं तर म्हणायची, राहू दे, खेळायला जा.

बुधवार

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. चष्मेबाई — दुकान त्यांचं, मी काचा बसवते, कानाला टोचणाऱ्या काड्या वाकवून देते — म्हणाल्या, "चेहरा का असा? कुणाचा नंबर चुकवलास?"

थोडं सांगितलं. म्हणजे सगळंच.

त्यांनी हातातली काच पुसून ठेवली आणि म्हणाल्या, "तुमचं ते धर्मात मोडतं का गं, की बुवाबाजीत?"

"फरक कसा ओळखायचा?"

"मला काय ठाऊक, मी चष्मे विकते. पण मला विचारशील तर — सोडून गेलं तरी आई जेवायला बोलावते, तो धर्म."

हसले. घरी पोचेपर्यंत हसू टिकलं नाही.

गुरुवार

चिमणी आली. वेणीचं टोक तोंडात. "एका मुलीचा वाटा" म्हणून घ्यायचा आणि त्याच वळणावर हिचा बसवायचा, असं जाणत्यांनी सांगितलं होतं. तिनं तो घडाघडा म्हटला. मग विचारलं, "ताई, पण त्या मुलीनं केलं काय होतं?"

"म्हणजे?"

"आत गेली, दार लोटलं, हसली. मग मोडलं काय?"

लहानपणी मी धरून चालले होते की काचेचं काहीतरी फुटलं असणार. पण काच फुटल्यावर ओरडली नाही म्हणून कोण माफी मागतं?

"मीपण ओरडले नव्हते," चिमणी म्हणाली. आणि माझं काही चुकलं का, अशी बघत राहिली.

म्हटलं, आज एवढं पुरे.

शुक्रवार

आईला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "जुनं आहे ते," म्हणाली. घातलेली घडी मोडली, पुन्हा घातली.

जेवताना बाबांना विचारलं, "थोरल्यांचा वाटा कोण विचारणार?"

"त्यांचा वाटा देवापाशी."

"मग चिमणीचा का नाही देवापाशी?"

"फार फाटे फोडतेस हल्ली."

"विचारायला तुम्हीच शिकवलंत, बाबा."

त्यांनी पाणी मागितलं. माझ्या बोलण्यात उद्धटपणा किती होता ते तपासून पाहिलं. होता. पण तो वजा केला तरी प्रश्न उरतोच.

शनिवार

आमच्या घरात बाबाही सांगायचे, म्हणून ते चांगलं होतं. सभेत एक जण कधीच सांगत नाही. वर बसून सगळ्यांचं ऐकतो. एकाला विचारायचंच नाही असं ठरलं, की तिथून पुढं त्याला धर्म म्हणू नये — असं मला वाटतं. खात्री नाही. चष्मेबाईंची व्याख्या जास्त सुटसुटीत आहे.



रविवार, ९ मार्च

चिमणीला पुढं बोलावलं आणि मी उभी राहिले. म्हटलं, "मी हिला तयार केलेलं नाही. यात हिचा वाटाच नाही. थोरल्यांनी त्यांचा सांगावा."

आवाज कुणी चढवला नाही. आमच्यात चढवत नाहीत. थोरले डोळे मिटून बसले होते. एक जाणते बाबांना म्हणाले, "घेऊन जा हिला." बाबा जागचे हलले नाहीत. मीच बाहेर आले. मागोमाग मावशी आणि चिमणी. तिघी तशाच पोलीस ठाण्यात गेलो.

तिथल्या बाई चांगल्या निघाल्या. चिमणीला मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिच्या जबाबावर आम्ही पुढं जाऊच. पण समोर मोठा माणूस आहे, हिला खोटी पाडायला बघतील. आधीचं कुणी बोललं तर पोरीला बळ येईल. ही पहिली नसणार."

दुकानामागच्या खोलीत झोपतेय. घरून जेवायला बोलावणं आलं नाही.

सोमवार

एका आजोबांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. चष्मेबाई म्हणाल्या, "बाई, तुझ्या दुःखात गिऱ्हाईक नको आंधळं करूस."

बाबांना चारचौघांत मान खाली घालावी लागली, हा माझा वाटा. एवढा घेते. याहून जास्त नाही.

मंगळवार

बोलावणं नाही.

बुधवार, १२ मार्च

आई दुकानात आली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, मांडीवर डबा.

"त्या मुलीनं काय केलं होतं, विचारत होतीस ना?"

मी हातातली फ्रेम खाली ठेवली.

"थोरल्यांची खोली झाडायला गेले होते. तेवढंच केलं होतं."

मग डबा माझ्यापुढं सरकवला. "आधी जेव. मग ते ठाणं कुठं आहे, दाखव मला."